कवचातील अँटिऑक्सिडंट घटकांचा अभ्यास : प्रकल्प नोंदी

३ जून

प्रकल्पाची व्याप्ती आज लिहून काढली. खेकडे, कोळंबी आणि लॉब्स्टर यांची जगभरात दरवर्षी सुमारे ६० ते ८० लाख टन कवचे टाकून दिली जातात, असा अंदाज २०१५ साली ‘नेचर’मधील एका लेखात मांडला गेला होता आणि तेव्हापासून या विषयावरील बहुतेक प्रबंधांची सुरुवात त्याच आकड्याने होते. आपला प्रश्न त्याहून अरुंद आहे. कवचापासून काढलेल्या अर्काला ‘अँटिऑक्सिडंट’ (ऑक्सिडीकरण रोखणारा) म्हटले जाते, तेव्हा तो गुण नेमका कोणत्या घटकाचा असतो, हे तपासायचे आहे.

शिंपले आणि कालवे यांची कवचे पहिल्याच टप्प्यावर बाजूला ठेवली, कारण त्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेटच असते आणि सेंद्रिय भाग फारच थोडा मिळतो. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचाची रचना वेगळी आहे. त्यात साधारण २० ते ४० टक्के प्रथिने, २० ते ५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि १५ ते ४० टक्के कायटिन (नायट्रोजनयुक्त शर्करेची लांब साखळी) असते. शिवाय अल्प प्रमाणात रंगद्रव्य असते. जातीनुसार हे आकडे बरेच बदलतात. म्हणून सर्व काम कोळंबीच्या एकाच घाऊक नमुन्यावर करायचे ठरले आहे.

वेगळे करायचे अंश चार : रंगद्रव्य, प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइड), कायटोसॅन (ॲसिटिल गट काढलेले कायटिन) आणि कायटोसॅनचे आखूड तुकडे. प्रत्येक अंशाबरोबर त्याचा ‘कोरा’ जोडीदारही तयार करायचा, म्हणजे तीच रसायने आणि तीच प्रक्रिया वापरायची, फक्त कवच घालायचे नाही.

५ जून

कवचे धुऊन, चिकटलेले मांस खरवडून, ५० अंश सेल्सिअसला वाळवली आणि दळून चाळली. ब्लीचचा वापर या प्रकल्पात कुठेही होणार नाही. सोडियम हायपोक्लोराइटने कायटिन पांढरेशुभ्र होते खरे, पण जे रंगद्रव्य मोजायचे ते नष्ट होते आणि साखळीही तुटते. उत्पादन दिसायला सुंदर असावे ही अपेक्षा पावडर विकणाऱ्याची असू शकते, आपल्याला तिची गरज नाही.

६ जून

रंगद्रव्य सर्वांत आधी काढले. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोळंबीच्या कवचातील मुख्य रंगद्रव्य ॲस्टाझँथिन, म्हणजे १९३८ साली कून आणि सोरेन्सन यांनी लॉब्स्टरपासून वेगळे केलेला कॅरोटिनॉइड (गाजरातील रंगद्रव्याच्या कुळातला पदार्थ). हवेच्या सान्निध्यात त्याला अल्कली लागली, की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ॲस्टासीन तयार होते. प्रथिने काढण्यासाठी पुढे सोडियम हायड्रॉक्साइड वापरायचाच आहे, त्यामुळे रंगद्रव्याचा विचार नंतर केला तर हाती येणारा पदार्थ मुळातला राहत नाही.

जिवंत प्राण्यात हे रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेले असते. लॉब्स्टरच्या निळ्या कवचातील क्रस्टासायनिन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचे कमाल शोषण ६३२ नॅनोमीटरला असते, तर मोकळ्या ॲस्टाझँथिनचे द्रावकानुसार ४७० ते ४८० नॅनोमीटरच्या दरम्यान. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि कवच लाल होते. आपल्या कच्च्या पावडरीचा रंग करडा-हिरवट होता. तीवर थंड ॲसिटोन ओतताच द्रावक कडेने नारिंगी होऊ लागला आणि ढवळल्यावर काही मिनिटांतच पावडर फिकी पडली, म्हणजे उष्णता न देता केवळ ॲसिटोननेही प्रथिनाची पकड सुटली.

अर्क तपकिरी बाटलीत, नायट्रोजनखाली आणि शीतकपाटात ठेवला आहे. प्रकाश आणि उष्णता या दोहोंमुळे रेणूच्या ट्रान्स (सरळ) रूपाचे सिस (वाकलेल्या) रूपात रूपांतर होते. कवचातील ॲस्टाझँथिन बहुतांशी मेदाम्लांशी जोडलेल्या एस्टर रूपात असते, त्यामुळे वर्णपटावरून मिळणारी मात्रा ‘एकूण कॅरोटिनॉइड, ॲस्टाझँथिनच्या हिशेबाने’ अशीच नोंदवायची.

९ जून

क्षारांचे निष्कासन. रंग काढलेल्या पावडरीवर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सामान्य तापमानाला, पावडरीच्या १५ पट आकारमानात, थोडेथोडे करून घातले. कार्बन डायऑक्साइड इतक्या जोराने बाहेर पडतो की फेस पावडरीला उचलून वर नेतो आणि ती चंचुपात्राच्या काठाला कोरडी चिकटून बसते. तिथे तिला आम्ल मिळत नाही. त्यामुळे अर्ध्या क्षमतेपर्यंतच भरलेले मोठे पात्र घेतले आणि काठावरचा थर सतत खाली धुतला. बुडबुडे थांबणे म्हणजे प्रक्रिया संपली असे मानले नाही. द्रवाचा सामू आम्लधर्मीच राहिला आहे ना, हे पाहिले आणि त्यानंतर अवशेष सामू उदासीन होईपर्यंत धुतला.

आम्लात अधिक वेळ ठेवल्यास किंवा ते तापवल्यास कायटिनच्या साखळीतील ग्लायकोसिडिक बंध तुटू लागतात. या प्रकल्पात साखळीची लांबी हाच मुख्य चल असल्यामुळे ती इथे अजाणता बदलणे परवडणारे नाही.

१० जून

राखेची तपासणी केली. मफल भट्टीत ६०० अंशांना जाळल्यावर उरलेली राख १ टक्क्याखाली आहे. पुढे जाण्यास हरकत नाही.

११ जून

प्रथिने काढण्यासाठी दोन समांतर मार्ग निवडले आहेत. कायटिनसाठी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ८० अंशांना, द्रव बदलून पुन्हा. पेप्टाइड अंशासाठी मात्र हा अल्कलीचा काढा वापरणार नाही, कारण गरम अल्कलीत अमिनो आम्लांचे रेसेमीकरण (आरशातल्या प्रतिमेसारख्या रूपात बदल) होते आणि लायसिनोअ‍ॅलानिनसारखी मुळात नसलेली संयुगे तयार होतात. त्यासाठी रंग काढलेल्या पावडरीचा वेगळा भाग घेऊन त्यावर अल्कलेज हे विकर, सामू ८ आणि ५५ अंश तापमानाला वापरले, नंतर उकळून विकर निष्क्रिय केले आणि गाळलेला द्रव गोठवून वाळवला. मिळालेली पावडर फिकट पिवळी आणि ओलावा झपाट्याने ओढणारी आहे.

या पेप्टाइड पावडरीच्या डबीवर ॲलर्जीची सूचना चिकटवली. कोळंबीच्या ॲलर्जीला कारणीभूत ठरणारे प्रमुख प्रथिन ट्रोपोमायोसिन स्नायूंत असते आणि कवचाला चिकटलेल्या मांसातून ते इथे येऊ शकते. ते उष्णतेला दाद देत नाही.

१३ जून

कायटिनमध्ये प्रथिन उरले आहे का, हा प्रश्न केल्डाल पद्धतीने (एकूण नायट्रोजन मोजून) सुटत नाही, हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण अनेक ठिकाणी एकूण नायट्रोजनला ६.२५ ने गुणून ‘प्रथिन’ दाखवलेले आढळते. शुद्ध कायटिनमध्येच सैद्धांतिकदृष्ट्या ६.८९ टक्के नायट्रोजन असतो, त्याला ६.२५ ने गुणले तर ज्यात प्रथिनाचा कणही नाही अशा पदार्थात ४३ टक्के प्रथिन ‘सापडते’. कायटिनसाठी उलटी कसोटी वापरता येते. नायट्रोजन ६.८९ च्या वर गेला, तर वरचा भाग प्रथिनाचा असण्याची शक्यता आहे. पण डीॲसिटिलीकरण (ॲसिटिल गट काढणे) सुरू झाले की हीही कसोटी निरुपयोगी ठरते, कारण पूर्णपणे ॲसिटिलमुक्त कायटोसॅनमध्ये नायट्रोजन ८.६९ टक्के असतो आणि वाढ कशामुळे झाली हे सांगता येत नाही. म्हणून कायटोसॅनसाठी आम्लाने जलविघटन करून अमिनो आम्लांचे विश्लेषण करायचे ठरवले आहे. २८० नॅनोमीटरचे वाचन केवळ प्राथमिक चाळणी म्हणून घ्यायचे.

१६ जून

डीॲसिटिलीकरण. ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, १०० अंश, नायट्रोजनचा प्रवाह. कायटिन तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळल्यास आम्लात विरघळणारा पदार्थ मिळतो, हे रूजे यांनी १८५९ साली नोंदवले आणि त्याला ‘कायटोसॅन’ हे नाव होप्पे-सायलर यांनी १८९४ साली दिले. मूळ कृती आजही फारशी बदललेली नाही. हवा वगळण्याचे कारण असे, की गरम अल्कलीत ऑक्सिजन असला तर साखळी तुटत जाते. एकदाच दीर्घ काळ तापवण्याऐवजी मध्ये धुऊन पुन्हा ताज्या अल्कलीत घालण्याची पद्धत घेतली, कारण एकाच सलग प्रक्रियेत ॲसिटिल गट निघण्याचा वेग पुढेपुढे मंदावतो आणि साखळी मात्र तुटतच राहते.

१९ जून

कायटोसॅन १ टक्का ॲसिटिक आम्लात विरघळले. तळाशी राहिलेला थोडा गाळ गाळून काढला. डीॲसिटिलीकरणाचे प्रमाण सामूमापी अनुमापनाने काढले : ज्ञात जादा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले असता आलेखावर दोन वळणे येतात आणि त्यांमधील अंतर अमिनो गटांच्या संख्येशी जुळते. दुसऱ्या वळणाजवळ सामू ६.५ ओलांडताच कायटोसॅनचा साका पडू लागतो आणि इलेक्ट्रोड मंदपणे प्रतिसाद देतो, त्यामुळे तिथे अल्कली थेंबाथेंबाने घालून प्रत्येक वेळी वाचन स्थिर होऊ दिले. पडताळणीसाठी एफटीआयआरचा (अवरक्त वर्णपटाचा) आलेखही घेतला.

रेणुभारासाठी उबेलोडे श्यानतामापी वापरला. द्रावक ०.१ मोलर ॲसिटिक आम्ल आणि ०.२ मोलर सोडियम क्लोराइड, तापमान २५ अंश. या स्थितीसाठी मार्क–हाउविंक (श्यानतेवरून रेणुभार काढण्याच्या) समीकरणातील घातांक ०.९३ आणि स्थिरांक ०.००१८१ मिलिलिटर प्रति ग्रॅम घेतात. मीठ वगळता येत नाही. ते नसल्यास साखळीवरील धन प्रभार एकमेकांना ढकलतात, रेणू ताणला जातो आणि द्रावण विरल करत जावे तशी श्यानता उलट वाढल्यासारखी दिसते.

२४ जून

डीपीपीएच चाचणी. ब्लॉइस यांनी १९५८ साली मांडलेली ही चाचणी सर्वांत स्वस्त आणि सोपी असल्यामुळे सर्वत्र वापरली जाते. डीपीपीएच हे जांभळे मूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला रेणू) हायड्रोजन स्वीकारून पिवळे होते आणि ५१७ नॅनोमीटरचा शोषणांक उतरतो. पेप्टाइड आणि तुलनेसाठी घेतलेले ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) यांबाबत काहीही अडचण आली नाही. कायटोसॅनबाबत मात्र चाचणीच्या रचनेतच विसंगती आहे आणि ती इथे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

डीपीपीएच पाण्यात विरघळत नाही, त्याला मिथेनॉल किंवा इथेनॉल लागते. कायटोसॅन अल्कोहोलात विरघळत नाही, त्याला आम्लयुक्त पाणी लागते. मिश्रणात पाणी अधिक झाले तर डीपीपीएच बारीक कणांच्या रूपात बाहेर येते; अल्कोहोल अधिक झाले तर कायटोसॅन येते. आज जास्त रेणुभाराच्या नमुन्यात मिथेनॉलमधील डीपीपीएच घातले, तेव्हा क्षणभर काहीच दिसले नाही आणि मग परीक्षानळीच्या मध्यभागी कापसाच्या तंतूंसारखे धागे तरंगू लागले. ते खाली बसले तेव्हा तेही जांभळे होते. याचा अर्थ असा, की गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव मोजला तर रंग कमी झालेला दिसेल, पण तो मूलकाशी अभिक्रिया झाल्यामुळे नव्हे, तर रंग साक्यात अडकल्यामुळे. न गाळता मोजले तर गढूळपणाचे प्रकीर्णन शोषणांकात मिळून क्रिया आहे त्यापेक्षा कमी दिसेल. एकाच नळीतून दोन विरुद्ध निष्कर्ष काढता येतात.

तिसरी अडचण आम्लाची आहे. फिनॉलांसारखे पदार्थ अल्कोहोलात डीपीपीएचशी बहुधा आधी प्रोटॉन सोडून आणि मग इलेक्ट्रॉन देऊन अभिक्रिया करतात. आम्लामुळे हे आयनीभवन दबते आणि वेग घटतो. कायटोसॅन ज्या ॲसिटिक आम्लात विरघळवले आहे त्याच आम्लात ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ट्रोलॉक्स (ई जीवनसत्त्वासारखा प्रमाण पदार्थ) तपासल्याशिवाय तुलना न्याय्य ठरत नाही. यापुढे प्रत्येक मालिकेत आम्लासह प्रमाण पदार्थ, नमुन्याशिवाय आम्ल आणि डीपीपीएचशिवाय नमुना अशा तीन तुलनेच्या नळ्या राहतील.

धागे पडत नाहीत अशा विरल मर्यादेत कायटोसॅनची क्रिया फारच मंद आढळली. रासायनिक दृष्टीने हे अपेक्षितच आहे, कारण त्याच्या रेणूत फिनॉलसारखा सहज सुटणारा हायड्रोजन नाही. जे काही आहे ते दुसऱ्या कार्बनवरील अमिनो गट आणि तिसऱ्या व सहाव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट. त्यांतलेही बरेच हायड्रोजन बंधांत गुंतलेले असतात.

२५ जून

रंगद्रव्य अंशाची डीपीपीएच चाचणी निकालात धरणार नाही. ॲस्टाझँथिनचे स्वतःचे शोषण ५१७ नॅनोमीटरपर्यंत पसरते, आणि कॅरोटिनॉइडांची खरी ताकद मोजण्याचे हे ठिकाण नव्हे.

२७ जून

एबीटीएस (दुसऱ्या एका रंगीत मूलकाची) चाचणी. री आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधील कृतीनुसार ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट काल सायंकाळी अंधारात एकत्र ठेवले आणि आज सकाळी ७३४ नॅनोमीटरला शोषणांक ०.७० येईपर्यंत विरल केले. हे मूलक पाण्यात राहते, त्यामुळे धाग्यांचा प्रश्न उद्भवत नाही, आणि ७३४ नॅनोमीटरला कवचातील कोणतेही रंगद्रव्य आड येत नाही. कायटोसॅनसाठी डीपीपीएचपेक्षा ही चाचणी निःसंशय अधिक विश्वासार्ह आहे.

आजच्या कामातील सर्वांत उपयुक्त तुलना दोन कायटोसॅनांची ठरली : अल्कलीची एकच फेरी दिलेले आणि दोन फेऱ्या दिलेले. पहिल्याची क्रिया स्पष्टपणे अधिक आहे आणि २८० नॅनोमीटरला त्याचे शोषणही अधिक आहे. टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले एबीटीएस मूलकाशी चांगली अभिक्रिया करतात, त्यामुळे उरलेल्या प्रथिनाचा अल्प अंशही आकडा वर नेऊ शकतो. अमिनो आम्ल विश्लेषणाचा निकाल येईपर्यंत यावर शिक्कामोर्तब करत नाही. परंतु कवचाच्या अर्कांबाबत छापून येणाऱ्या ठळक आकड्यांकडे पाहताना ‘शुद्धता किती?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, असे माझे मत आता पक्के होत चालले आहे.

१ जुलै

फ्रॅप चाचणी, म्हणजे फेरिक लोहाचे फेरसमध्ये क्षपण करण्याच्या क्षमतेचे मापन (सामू ३.६, ५९३ नॅनोमीटर, ४ मिनिटे). कायटोसॅनची क्षपणक्षमता नगण्य, पेप्टाइडची मध्यम.

४ जुलै

लोह बांधून ठेवण्याची चाचणी. येथे चित्र बदलते. फेरस आयन हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करतो. तो आयनच कोणी धरून ठेवला, तर मूलक टिपण्याची वेळच येत नाही. फेरोझीन फेरस आयनाशी ५६२ नॅनोमीटरला शोषण करणारे गडद किरमिजी संयुग बनवते आणि नमुन्याने जितके लोह आधी बांधले असेल तितका हा रंग कमी उमटतो. प्रमाण म्हणून ईडीटीए (धातू घट्ट बांधणारे रसायन) घेतले.

सामूची निवड इथे निर्णायक आहे. कायटोसॅनच्या अमिनो गटाचा पीकेए (ज्या सामूला निम्मे गट प्रोटॉनयुक्त असतात तो) साधारण ६.५ आहे, म्हणजे सामू ५.५ ला जेमतेम ९ टक्के गट मोकळे असतात आणि उरलेले प्रोटॉनयुक्त असल्यामुळे धातूला इलेक्ट्रॉन जोडी देऊ शकत नाहीत. सामू वाढवावा तर कायटोसॅन विरघळलेले राहत नाही आणि फेरस आयनही हवेत झपाट्याने ऑक्सिडीकृत होतो. फॉस्फेट बफर वगळला, कारण फॉस्फेट स्वतःच लोह बांधते. ॲसिटेट बफरमध्ये सामू ६ ठेवून केलेल्या मालिकेत कायटोसॅनने लोह मोजता येईल इतके बांधले आणि डीॲसिटिलीकरणाचे प्रमाण अधिक असलेल्या नमुन्याने अधिक बांधले. शुद्ध केल्यावर न घटलेला असा हा पहिलाच गुण आहे.

९ जुलै

साखळी आखूड करण्याच्या पद्धतीची निवड. नायट्रस आम्लाची पद्धत सर्वांत नेटकी : एक रेणू एक बंध तोडतो, त्यामुळे लांबी आधी ठरवता येते. पण तुटलेल्या टोकाला २,५-अनहायड्रोमॅनोज हा अल्डिहाइड गट असलेला घटक उरतो आणि तो स्वतःच क्षपणकारक आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडने तोडल्यास काही टोकांना कार्बॉक्सिल गट येतात आणि उरलेला पेरॉक्साइड पुढील चाचण्यांत ढवळाढवळ करतो. विकराची पद्धत सौम्य आहे. पण तिथेही प्रत्येक तुकड्यासोबत एक नवे क्षपणकारक टोक तयार होते. ‘रेणुभार कमी, क्रिया अधिक’ हे सूत्र सर्वमान्य आहे आणि त्यामागे साखळीअंतर्गत हायड्रोजन बंध सैल होतात असे कारण दिले जाते. ते बरोबर असू शकते. मात्र वाढ मोकळ्या झालेल्या गटांची आहे की वाढलेल्या टोकांची, हे वेगळे करणारा नमुना सोबत असला पाहिजे.

म्हणून कायटोसॅनेज विकराने मिळवलेल्या तुकड्यांचे दोन भाग केले आणि एका भागातील टोके सोडियम बोरोहायड्राइडने क्षपित करून अल्कोहोल रूपात आणली. लांबी तीच, अमिनो गट तेच, फक्त अल्डिहाइड टोक नाही.

११ जुलै

दोन्ही भागांची एबीटीएस आणि फ्रॅप चाचणी. बोरोहायड्राइड दिलेल्या भागाची फ्रॅपमधील क्रिया जवळजवळ नाहीशी झाली. एबीटीएसमध्ये ती घटली, तरी मूळ लांब कायटोसॅनपेक्षा अधिकच राहिली. म्हणजे दोन्ही कारणे खरी आहेत, पण वेगवेगळ्या चाचणीत त्यांचा वाटा वेगळा आहे. लोह बांधण्यात दोन्ही भाग सारखेच.

१४ जुलै

सामान्य तापमानाला ठेवलेली तुकड्यांची डबी पिवळसर तपकिरी झाली आहे. हे तुकडे स्वतःशीच मेयार अभिक्रिया करतात, कारण एका रेणूचे अल्डिहाइड टोक आणि दुसऱ्याचा अमिनो गट एकाच पावडरीत शेजारी असतात. द्रावणाचा शोषणांक २९४ आणि ४२० नॅनोमीटरला वाढलेला आढळला. मेयार अभिक्रियेतील तपकिरी पदार्थ स्वतःच चांगले अँटिऑक्सिडंट असल्यामुळे जुना नमुना ताज्यापेक्षा ‘सरस’ ठरतो. हायड्रोक्लोराइड क्षार करून, गोठवून ठेवलेला त्याच दिवशीचा नमुना अजून पांढरा आहे. प्रोटॉनयुक्त अमिनो गट ही अभिक्रिया सहजी करत नाही. यापुढे सर्व तुकडे क्षाराच्या रूपातच साठवले जातील आणि प्रत्येक चाचणीआधी ४२० नॅनोमीटरचे वाचन नोंदले जाईल.

१८ जुलै

रंगद्रव्यासाठी स्वतंत्र चाचणी. बीटा-कॅरोटीन विरंजन पद्धत ४७० नॅनोमीटरला वाचली जाते आणि ॲस्टाझँथिन तिथेच शोषण करते, म्हणून ती बाद. ॲस्टाझँथिनचे मुख्य सामर्थ्य सिंग्लेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे उत्तेजित, अधिक क्रियाशील रूप) शमवण्यात आहे. त्यात ते ऊर्जा स्वीकारून उष्णतेच्या रूपात सोडते आणि बहुतांशी स्वतः शाबूत राहते. हायड्रोजन देण्याघेण्यावर आधारलेल्या चाचणीत हे दिसणार कसे? त्यामुळे मेथिलीन ब्लू आणि प्रकाश यांच्या साहाय्याने लिनोलेइक आम्लाचे ऑक्सिडीकरण घडवून पेरॉक्साइड मूल्याने ते मोजण्याची मांडणी केली. मेथिलीन ब्लू साधारण ६६० नॅनोमीटरचा प्रकाश घेतो, म्हणून दिव्यापुढे लाल गाळणी लावली. अन्यथा ॲस्टाझँथिन केवळ प्रकाश अडवूनही संरक्षण दिल्याचा आभास निर्माण करील. गाळणीसहही संरक्षण स्पष्ट दिसले.

२२ जुलै

निकाल मांडण्याची पद्धत ठरवली. ‘इतके टक्के प्रतिबंध’ असे एकाच मात्रेवरचे आकडे देणार नाही. ५० टक्के प्रतिबंधासाठी लागणारी मात्रा आणि ट्रोलॉक्स समतुल्य या दोन्ही देऊ. ॲस्कॉर्बिक आम्ल मायक्रोग्रॅममध्ये जे करते त्यासाठी कायटोसॅन मिलिग्रॅममध्ये लागते आणि हे तक्त्यात एकाच एककात दिसले पाहिजे. शरीरावरील परिणामांबद्दल काहीही लिहिणार नाही. लांब साखळीचे कायटोसॅन आतड्यातून क्वचितच शोषले जाते, त्यामुळे परीक्षानळीतील आकड्यांवरून तिथपर्यंत उडी मारता येत नाही. उपयोग सुचवायचा झाल्यास तो खाद्यतेलाच्या किंवा आवेष्टनाच्या टिकाऊपणापुरता, आणि तोही लोह बांधण्याच्या गुणावर आधारलेला.

अमिनो आम्ल विश्लेषणासाठी दोन्ही कायटोसॅनांचे नमुने पाठवले आहेत. दरम्यान माकुळाच्या पारदर्शक पात्याचे बीटा-कायटिन (कायटिनचा वेगळ्या स्फटिकरचनेचा प्रकार) घेऊन तीच मालिका सुरू करायची आहे. त्यात क्षार आणि रंगद्रव्य जवळजवळ नसतात, त्यामुळे आम्लाची पायरी अगदी सौम्य ठेवता येईल आणि सुरुवातीपासूनच अधिक लांब साखळी हाती लागेल.